त्या बोटीवर मोठा ग्रुप आहे का?

आमची ही, म्हणजे आशालता, भरे गावच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं सेविका होती. गावात आज ज्याला मिशी आहे आणि ज्याच्या दारात चारचाकी आहे, त्या प्रत्येकाचं नाक तिनं कधी ना कधी आपल्या पदरानं पुसलेलं आहे. त्यामुळे मी पिरंगुटच्या कंपनीत सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होतो, माझ्या सहीशिवाय तिथून एक स्क्रू हलत नसे, या गोष्टीला गावात काडीचीही किंमत नाही. मी दयानंद शेडगे आहे हे फक्त रेशनकार्डाला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांसाठी मी 'बाईंचं मालक'. याबद्दल माझी काही तक्रार नाही. पौडला तहसील कचेरीतल्या शिपायानंही परवा तसंच म्हटलं, तेव्हा थोडी झाली होती.

निवृत्त झाली त्या संध्याकाळी सत्काराचे हार काढून ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, एक मागू?"

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी सावरून बसलो.

"मला दोन दिवस असे पाहिजेत, की कुणी मला हाक मारणार नाही."

मला वाटलं, हे फार सोपं आहे. मग विचार करायला बसलो आणि लक्षात आलं, की जमिनीवर अशी जागा शिल्लकच नाही. कोल्हापूरला देवीच्या रांगेत उभे होतो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं होतं, "बाई! मी पिंकी!" नाशिकला तर एका ट्रकच्या केबिनमधून हाक आली होती.

"समुद्रावर?" ती हळूच म्हणाली. तिचं माहेर ताम्हिणीचं. तिथं पाऊस पडत नाही, ओतला जातो. "लहानपणी मी आईला विचारायची, एवढं पाणी घाटावरून खाली जातं, पुढं कुठं जातं? आई म्हणायची, समुद्रात. मी विचारायची, आणि त्याच्या पुढं? आई म्हणायची, गप झोप. मी अलिबागला काठ पाहिलाय. मला मधला समुद्र बघायचाय."

झालं. त्या दिवसापासून मला बोटी दिसू लागल्या. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी धुकं असं उतरतं की भाताच्या मोकळ्या खाचरांचं पाणी होऊन जातं. मी दात घासत अंगणात उभा राहायचो आणि त्या पांढऱ्या पाण्यातून एक उंच बोट, दिवे लावून, आवाज न करता, पिरंगुटच्या दिशेनं निघून जायची. डेकवर आशालता एकटीच उभी असायची. मी कुठे असायचो ते मला नीट दिसत नसे, पण जवळपास असणार. पेस्टचा फेस हनुवटीवरून खाली आला तरी मला पत्ता नसे.

पौडला एसटी स्टँडसमोर शंभूचं दुकान आहे. तो दाखले काढून देतो, फोटो काढतो आणि सहलींची तिकिटंही काढून देतो. त्यानं जानेवारीतली एक बोट शोधली. मुंबईहून गोव्याकडे जाऊन परत, दोन रात्री. समुद्राकडे गॅलरी असलेली खोली. मी हो म्हटलं, आणि पैसे उद्या भरतो म्हणून घरी आलो. तो 'उद्या' मला भोवला, कारण वाटेत कोंडाजी भेटले.

कोंडाजी आमचे शेजारी. जमीन थोडी विकली, उरलेल्यावर खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, आणि आता त्यांच्याकडे सल्ला देण्यासाठी पूर्ण दिवस मोकळा असतो.

"बोटीनं जाताय? ब्येस. पन बाईंचं मालक, त्या बोटीवर मोठा ग्रुप हाय का न्हाई, ते आदी इचारा."

"कसला ग्रुप?"

"माझा व्याही गेलता गेल्या साली. दोगंच, नवराबायकू. बोटीवर चढलं आन बगत्यात तर काय, आठशे खतविक्रेते! कंपनीचं संमेलन! सकाळी सातला भोंग्यावर युरियाचं गानं. जेवायला ग्येलं तर इचारत्यात, तुमचा जिल्हा कंचा? शेवटी व्याही परत आला तवा गळ्यात मेडल हुतं. उत्कृष्ट विक्री, पश्चिम विभाग. त्या माणसानं जल्मात मूठभर खत विकल्यालं न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोरच्या धुक्यातल्या बोटीवर एकदम आठशे माणसं चढली. आशालता कोपऱ्यात अंग चोरून उभी, आणि कुणीतरी तिला जिल्हा विचारतंय.

स्टोअरकीपरचा एक नियम असतो: माल तपासल्याशिवाय पावतीवर सही नाही. मी दुसऱ्या दिवशी शंभूला सांगितलं, "आधी लेखी विचार. त्या तारखेला बोटीवर मोठ्या ग्रुपचं बुकिंग आहे का?"

शंभूनं बोटीच्या कंपनीची वेबसाइट उघडली. सगळीकडे शोधलं. 'मोठ्या ग्रुपबाबत चौकशी' असा एकच फॉर्म सापडला.

"हाच दिसतोय काका. पण यात माणसं किती ते भरावं लागतंय."

"दोन."

"दोन घेत न्हाई. लाल होतंय. चाळीसपासून पुढंच घेतंय."

"मग चाळीस टाक. नुसती चौकशी तर आहे."

"ग्रुपचं नाव?"

"मला काय माहीत? तेच तर विचारायचंय!"

"मोकळं सोडता येत न्हाई काका. 'भरे ग्रामस्थ' टाकतो." आणि त्यानं माझा मोबाइल नंबर घालून बटण दाबलं. मी समाधानानं चहा प्यायलो. इतका निश्चिंत चहा मी त्यानंतर बरेच दिवस प्यायलो नाही.

दोन दिवसांनी मीच कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. ती बासरी इतकी गोड होती की मी ओट्यावरच्या खुर्चीत जवळजवळ गोव्याला पोचलो होतो, तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला. तिचं नाव जुईली.

"सर, त्या सेलिंगला, म्हणजे त्या फेरीला, एक मोठा ग्रुप आहे. चाळीस जणांचा."

"कोणाचा?"

"सॉरी सर, ते गोपनीय असतं."

मी लगेच शंभूला फोन करून तारीख आठवडाभर पुढे ढकलायला सांगितली. मग पुन्हा बासरी, पुन्हा जुईली.

"सर, याही तारखेला एक ग्रुप आहे. चाळीस जणांचा."

"पहिल्या तारखेचा?"

"नाही सर, पहिल्या तारखेला आता कुणीच नाही. ती सेलिंग एकदम शांत आहे."

मी कपाळावर हात मारला आणि शंभूला परत पहिल्या तारखेवर आणलं. पुढे काय झालं ते सुज्ञांनी ओळखलं असेल. मी त्या वेळी सुज्ञ नव्हतो. त्या चाळीस जणांनी माझा पाठलागच सुरू केला. मी फेब्रुवारीत गेलो, तेही फेब्रुवारीत आले. दुपारी जेवून आडवा झालो की ते मला दिसत. पाठमोरे, एका रांगेत, डेकच्या कठड्याला धरून उभे. मी पुढे जाऊन एकेकाचं तोंड बघायचा प्रयत्न करायचो, तर ते हळूहळू मान वळवायला लागायचे आणि नेमकं तेव्हाच दूधवाल्याची बेल वाजायची. त्यांच्याविषयी माझ्या मनात द्वेष साठत चालला होता. घरीदारी काही काम नाही का या लोकांना?

पाचव्या फोनला मी जुईलीला विनवलं, "मुली, तू मला मुलीसारखी. निदान त्यांचा प्रमुख कोण, तेवढं सांग. मी त्याच्याशी माणसासारखं बोलेन."

ती जरा घुटमळली. "सर, मी सांगायला नको. पण शेडगे म्हणून आहेत."

"शेडगे? म्हणजे आमच्या भावकीतलाच! मला वाटलंच होतं. पूर्ण नाव?"

"दयानंद शेडगे. भरे ग्रामस्थ."

तो मीच, असं मी तिला सांगितलं आणि गट रद्द करायला सांगितलं.

चूक उमगल्यावर ती सुधारणं सोपं असतं, असा माझा समज होता. जुईली म्हणाली, गट रद्द करायचा असेल तर गटाच्या लेटरहेडवर, गटप्रमुखाच्या सहीशिक्क्यानिशी पत्र पाठवा. आता नसलेल्या गटाचं लेटरहेड कुठून आणायचं? शंभूनं तेही छापून दिलं. वर मध्यभागी नांगराचं चित्र टाकलं, त्याला ते फार आवडलं होतं. तहसील कचेरीजवळ शिक्के करून देणारा बसतो, त्याच्याकडून 'गटप्रमुख, भरे ग्रामस्थ सागरी पर्यटन गट' असा गोल शिक्का करून घेतला. खोटं कशाला बोलू, तो शिक्का पहिल्यांदा उमटवला तेव्हा मला बरं वाटलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला गोल शिक्का कधी मिळाला नव्हता. मी तो पत्रावर तीनदा मारला.

बहुधा तिथंच घोटाळा झाला. कंपनीत कुणी पत्र वाचलं नाही, शिक्के पाहिले. उत्तर आलं: 'आपली कागदपत्रं प्राप्त. गटाची नोंद पक्की. स्वागतभेट रवाना.'

स्वागतभेट म्हणजे चाळीस निळ्या टोप्या. कुरिअरवाल्याला आमचं घर सापडेना, म्हणून त्यानं खोकं कोंडाजींकडे दिलं. कोंडाजींनी ते उघडलं. संध्याकाळी मी दळण घेऊन येत होतो, तर पिठाच्या गिरणीत एक निळी टोपी, दूध डेअरीवर दोन, आणि मारुतीच्या पारावर एकदम सात.

"गावाला बोटीनं न्हेताय आन बोलला न्हाई व्हय?" कोंडाजी टोपी मागे सारत म्हणाले. "लई मोठं मन, दयानंदराव! ज्याचं त्यो पैसं भरनार हाय, त्याचं तुमी टेन्शन घिऊ नका. शंभूकडं रांग लागलीया."

दयानंदराव! रस्त्यानं जाताना तिघांनी मला नावानं नमस्कार केला. मला खरं सांगून टाकायचं होतं, पण तोंड उघडायच्या आत चौथा नमस्कार आला.

घरी पोचलो तर दारात गंगूबाई. अंगणवाडीत आशालताच्या हाताखाली मदतनीस म्हणून अठ्ठावीस वर्षं होती ती. डोक्यावर पदर, पदरावर टोपी.

"बाई, बोटीत वकारी व्हती म्हनं. लिंबं घिऊ का आवळा?"

आशालतानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दळणाचा डबा खाली ठेवला, परत उचलला. गंगूबाईला चहा देऊन, तिच्या लिंबाआवळ्याचं ठरवून आशालतानं तिला वाटेला लावलं आणि आत येऊन विचारलं, "किती जण?"

"अडतीस," मी म्हणालो. "आणि आपण दोघं."

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, बासरी, शिक्का. मला वाटलं ती हसेल, किंवा भांडेल. तिनं कोथिंबीर निवडायला घेतली.

"चांगलंय की," ती म्हणाली. "गंगूबाईनं समुद्र बघितलेला नाही. जाऊ दे तिला."

"आणि तुझं?"

"माझं काय. मी बघेन पुन्हा कधीतरी."

संध्याकाळी उशिरापर्यंत ज्याला न्यायला कुणी आलेलं नसे, त्या पोराला ती 'येईल हं आई' असं ज्या आवाजात सांगायची, तोच आवाज. फक्त या वेळी ती तो स्वतःला ऐकवत होती. रागावली असती तर मी जेवलो असतो. त्या दिवशी घास उतरला नाही.

सकाळी धुकं अजून पारावर बसलेलं असताना मी तिथं गेलो. टोप्या होत्याच. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. कंपनीच्या निरोप समारंभातही मी 'सगळ्यांचे आभार, चाव्या खुंटीला आहेत' एवढंच बोललो होतो.

"मी तुम्हाला नेत नव्हतो," मी म्हणालो. "तो सगळा घोटाळा आहे. मी विचारायला गेलो होतो की बोटीवर मोठा ग्रुप नाही ना, आणि मीच ग्रुप झालो. आशालताला दोन दिवस पाहिजे होते. कुणी हाक न मारलेले. एकतीस वर्षं तुम्हीच तिला हाका मारल्यात. बाई शी झाली, बाई ह्यानं मारलं, बाई माझी चप्पल. मोठे झालात तरी थांबला नाहीत. बाई फॉर्म भरून द्या, बाई सुनेला समजवा. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आत्ताही म्हणणार नाही. म्हणून मी म्हणतोय."

गोरख नावाचा एक गडी आहे, जेसीबी चालवतो, शंभर किलोचा असेल. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तिची कड मुरगळत उभा राहिला. मी घरी निघालो. आपण गावाचा हिरमोड केला, आता जन्मभर कुणी नावानं नमस्कार करणार नाही, हे मला दिसत होतं.

तासाभरानं कोंडाजी दारात आले. मागे गंगूबाई आणि गोरख.

"ठरलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमी यिनार. पन हाक मारनार न्हाई. दोन दिस त्वांडातनं अक्षर काडनार न्हाई."

"अहो, बोलायला काय हरकत आहे? फक्त..."

"न्हाई. बोललं की हाक येतीच. सवय हाय. त्वांडच बंद ठिवायचं."

आशालता आतून ऐकत होती. ती बाहेर आली, एकेकाकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुंबईला बोटीवर चढलो. चाळीस निळ्या टोप्या, एका ओळीत, चिडीचूप. तपासणीच्या टेबलापाशी गंगूबाईला नाव विचारलं तर तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे जिना चढणाऱ्या आशालताकडे, वर, हात केला. तिला म्हणायचं होतं की बाईंना त्रास नको. बोटीवरच्या लोकांनी वेगळाच अर्थ घेतला. एक बाई हात जोडून कोंडाजींना विचारायला आली, "स्वामीजी, मौन कितने दिन का है?" कोंडाजींनी दोन बोटं दाखवली. ती वाकून नमस्कार करून गेली.

आमची जेवणाची टेबलं बाकीच्यांपासून लांब, पडद्यामागे लावली. शेजारच्या टेबलांवर सुरमई तळून येत होती. साधकांसाठी बिनमिठाचा उकडलेला दुधी. कोंडाजींनी ताटाकडे पाहिलं, सुरमईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी कागदी रुमालावर 'मासे' असं लिहून वाढप्याला दिलं. वाढपी आसामचा होता. त्यानं तो रुमाल कपाळाला लावून खिशात ठेवला.

पण आमच्या मजल्यावरचं गाणंबजावणं मात्र त्यांनी बंद केलं. आशालता गॅलरीतल्या खुर्चीत बसली. मुंबई आधी इमारती झाली, मग रेघ, मग काहीच नाही. पाण्याचा रंग सारखा बदलत होता, आणि आवाज फक्त बोटीच्या पोटातला, लांबून जातं फिरत असल्यासारखा. ती तशीच झोपली. उठली, पाण्याकडे बघितलं, पुन्हा झोपली. मधेच म्हणाली, "अहो, पुढं काहीच नाहीये." फार खूश होऊन म्हणाली. माझ्या धुक्यातल्या बोटीवर मी जवळपास कुठेतरी असायचो, तसाच होतो. मला वाटतं मीही झोपलो असणार, कारण मध्यंतरी आमच्या खाचरांवरून पाण्याच्या लाटा येत होत्या आणि एसटी हळूहळू तरंगत पौडकडे चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेकवर गेलो. सूर्य नुकताच पाण्याबाहेर येत होता. सगळे आधीच कठड्याला रांगेत उभे होते, पाठमोरे. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही टोकाला जाऊन उभे राहिलो.

तेवढ्यात गंगूबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले. ती थरथरत होती. तिनं गोरखच्या दंडाला चिमटा काढला, त्यानं समोर पाहिलं आणि स्वतःची टोपी तोंडात कोंबली. मीही पाहिलं. बोटीच्या शेजारून डॉल्फिन निघाले होते. एक नाही, दहा-बारा. काळे चकचकीत, पाण्यातून वर येत होते, वळत होते, पुन्हा आत जात होते. अडतीस माणसं कठड्याला धरून नुसती नाचत होती आणि एकाच्याही तोंडून हुं की चूं निघत नव्हतं. कोंडाजींचा चेहरा जांभळा पडला होता.

"अगं बाई!"

ही किंकाळी आशालताची होती. एकोणचाळीस वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. "अगं बाई! गंगू, बघ! गोरख्या, तोंडातली टोपी काढ आधी! अहो कोंडाजी, तिकडं, तिकडं, पिल्लू आहे बरोबर!" ती कठड्यावर इतकी वाकली की मी तिचा पदर धरून ठेवला. मग गोरखनं टोपी काढली आणि अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावरचा योगवर्ग बंद पडला.

स्वामीजींचं मौन सुटल्याची बातमी मिळताच ती कालची बाई धावत आली. पहिला शब्द ऐकायला ती हात जोडून उभी राहिली.

"सुरमई," कोंडाजी म्हणाले.

मुंबईला उतरून आम्ही ठरवलेल्या बसनं निघालो. पहिला दिवसभर अडवलेलं बोलणं अजून संपलं नव्हतं, ते खोपोलीपर्यंत नुसतं फुटत राहिलं. एकाच वेळी सगळे डॉल्फिन सांगत होते, ज्यांनी ते बघितले होते त्यांनाच. गंगूबाई गात होती. कोंडाजी वाढप्याची नक्कल करत होते. मी उठलो, गप्प करायला, कारण आशालता खिडकीशी डोळे मिटून बसली होती.

"बसा हो," डोळे न उघडता ती म्हणाली. "असू दे."

मी बसलो. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, तोंड जरासं उघडं राहिलं, आणि त्या भयंकर गोंगाटात, घरी पोचेपर्यंत, ती गाढ झोपली.